थाळी माह्या हाती होती

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. बस, एवढंच. माही बायको जमना गेली त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. मधात पितळी परात, सोले परातीत अन् टरफलं बाजूले, बकरीसाठी. ती भराभर सोले अन् मी एकच शेंग धरून बसो. म्हणे, "तुमच्या भरोशावर भाजी ठेवली त उद्या दुपारीच शिजन." मी हासलो. आमचं असंच चाले.

तवाच तिले सांगाले पायजे होतं. नाही सांगितलं. तिलेच नाही, आजवर कोणालेच नाही — ना लेकीले, ना तांड्याच्या नायकाले, ना देवाले. देवाच्या त समोरच केलं होतं ते, त्याले वेगळं काय सांगावं? चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहो मी. अक्षर वाकडं येते. पण तोंडानं बोलाले गेलो की समोरच्याचं तोंड दिसते, अन् मंग माहं तोंड बंद होते. म्हणून लिहून राह्यलो. तुमचं तोंड मले दिसत नाही, हे बरं आहे.

शेंगा सोलताना शेजारच्या घरातून आवाज येऊन राह्यलता. त्यायच्या पोरीचं लग्न होतं पुढच्या आठवड्यात. आमच्या बंजारा लोकायत नवरी सासरी जाताना रडत गाते, त्याले ढावलो म्हणतात. मन भरून आलं अन् रडली, असं ते नाही. ते शिकावं लागते. मायच्या गळ्यात पडली की एक कडवं, भावाच्या गळ्यात दुसरं, बापाचं तिसरं. आमच्या तांड्यात ते शिकवाचं काम जमनाचं होतं. तिच्या सासूनं तिले शिकवलं, अन् तिनं किती पोरीयले शिकवलं याचा हिशोब नाही. माही लेक, नायकाची लेक, भांडणं असलेल्या घरच्या लेकीसुदा — लग्न ठरलं की पहिले जमनाकडं.

ते मांगचं. आता कोणी येत नव्हतं.

तिनं शेंग हातात तशीच धरली, कान देला, अन् हळूच म्हणाली, "भावाचं कडवं मायच्या आंधी घेतलं पोरीनं."

"मंग सांगून ये न."

"मले कोन बोलावते?"

रागानं नाही म्हटलं. घरातलं मीठ संपलं हे सांगावं, तसं म्हटलं. मी खाली पाह्यलं. मंग म्हटलं, उद्या फुलसावंगीच्या बाजारात जाऊन राह्यलो, काय आणू? ती म्हणाली, मीठ.

काहून बोलावत नव्हते तिले? तेच सांगाचं आहे. पण ते सांगाचं म्हटलं की आमदारापासून सुरू करावं लागते. त्याचं नाव लिहीत नाही. आम्ही सारे त्याले भाऊ म्हणतो. त्यानं वाईट केलं असं मी लिहून नाही राह्यलो, हे आंधीच सांगतो. वाईट केलं ते दुसऱ्यानं.

भाऊ पहिल्यांदा उभा झाला तवा त्याच्यापाशी एक जुनी मोटरसायकल होती अन् खादीचे दोन सदरे. तांड्यात आला, त कोणी खाट टाकेना. मी टाकली. जमनानं ज्वारीची भाकर अन् ठेचा देला. त्यानं दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मांगितली, अन् म्हणाला, "वहिनी, निवडून आलो त पहिली भाकर इथंच खाईन." जमना म्हणाली, "अन् पडले त?" तो म्हणाला, "त रोज इथंच खाईन, दुसरीकडं कोन देईन?" साऱ्यायले हासू आलं. त्या दिवसापासून मी त्याचा माणूस झालो. त्याच्या मोटरसायकलच्या मांगं बसून फिरलो, महागाव तालुक्यातला एक तांडा सोडला नाही. मी तांड्याचा कारभारी — म्हणजे नायकाच्या खालचा माणूस, बैठक बोलावणं, निरोप देणं, देवाच्या कामात थाळी धरणं हे माहं काम. माह्या शब्दाले थोडं वजन होतं. ते सारं मी त्याच्या पारड्यात टाकलं.

पहिल्या खेपेले तो पडला. रडला आमच्या अंगणात. दुसऱ्या खेपेले आला, अन् मंग येतच राह्यला. कसा येत राह्यला, सांगू? लोक म्हणतात पैसा, लोक म्हणतात जात. मी जवळून पाह्यलं. तो मयत चुकवत नसे. कोणाच्याही घरचं माणूस जावो, पाटलाचं का मजुराचं, चितेले आग लागाच्या आंधी भाऊची गाडी उभी. खांद्यावर हात, दोन शब्द. माणूस ते विसरते काय?

अन् आमच्या तांड्याची एक रीत होती. मतदानाच्या आंधी नायक बैठक बोलावे. आमच्या देवाच्या, सेवाभायाच्या देवळापुढं भोग लावत — थाळीत निखारे, त्यावर तूप अन् गोड लापशी, धूर निघे. त्या थाळीवर हात धरून एकेकाले शब्द द्यावा लागे, की तांड्याचं मत एकमुखी जाईन. फुटाचं नाही. शाळेतलं बूथ आमचं एकट्याचं. मोजणीच्या दिवशी आमचं बूथ उघडलं की सारी मतं एकाच बाजूले, दुसऱ्याच्या खाली भोपळा. मोजणीतले साहेब लोकसुदा हासत, म्हणे आला तुमचा तांडा. त्याचा आम्हाले मोठा गर्व. आम्ही गरीब असू, पण एका तोंडानं बोलतो.

थाळी मी धरत असो. हे ध्यानात ठेवा.

आता ती खेप. चौथी. भाऊ मोठा झाला होता, गाडीच्या मांगं गाड्या येत. तांड्यात सभा होती. भाऊ बोलला, टाळ्या झाल्या, अन् मांगून जमना उभी झाली. आमचा नाला तुम्हाले माहीत नाही. पावसाळ्यात तो भरला की तांडा बेट होते. माह्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरात होतं. कळा सुरू झाल्या अन् नाला भरून. बाजेवर टाकून पोरगी पाण्यातून नेली आम्ही. पोरगी वाचली, लेकरू नाही. भाऊ तिसऱ्या दिवशी आला होता, खांद्यावर हात ठेवला होता, अन् म्हणाला होता, पूल करतो.

जमना म्हणाली, "भाऊ, तुम्ही माह्या घरची भाकर खाल्ली म्हनून विचारते. पूल कुठं आहे?"

भाऊ हासला, म्हणाला, होईन वहिनी, फाईल मुंबईत आहे. ती म्हणाली, "फाईल मुंबईत आहे अन् नाला इथं आहे."

मी काय केलं? माही नात गेली होती त्या नाल्यात. मी उठलो अन् साऱ्यायसमोर म्हटलं, "बस खाली, तुले काय समजते." ती बसली. हेही माहंच, पण ज्यासाठी लिहाले बसलो ते हे नाही. त्याच्यापाशी मी येऊन राह्यलो. हळू येऊन राह्यलो, मले कळते.

त्यानंतर चार-दोन रोजानं फुलसावंगीले मोठी सभा. दर खेपेले भाऊले पहिला फेटा मी बांधो. माह्या हातचा, कापड मीच घेऊन जाओ. ते आमचं ठरलेलं होतं, पडला त्या सालापासून. मी केशरी कापड घेऊन स्टेजच्या पायऱ्या चढाले गेलो, त एका ठेकेदारानं मले छातीवर हात लावून थांबवलं. पांढरकवड्याकडचा होता, नवाच भाऊच्या जवळ आलेला. म्हणाला, "बाबा, इकडं कुठं? खाली बसा." त्याच्या हातात शिवलेला तयार फेटा होता, टोपीसारखा. मी भाऊकडं पाह्यलं. भाऊनं माह्याकडं पाह्यलं. खरंच पाह्यलं, मी भ्रम सांगून नाही राह्यलो. अन् मंग त्यानं मान खाली केली अन् ठेकेदाराचा फेटा घालून घेतला.

मी खाली बसलो. टाळ्याबी वाजवल्या.

घरी आलो. जमना म्हणाली, "फेटा वापस कसा आनला?" मी म्हटलं, भाऊले घाई होती. तिनं कापडाची घडी केली अन् पेटीत ठेवली. दुसरं काही विचारलं नाही. तिले विचारावं लागत नसे.

भोग झाला. थाळी मी धरली, साऱ्यायनं शब्द देला, जमनानंसुदा. मतदानाच्या दिवशी सक्काळी सक्काळी मी रांगेत पहिला. बोटाले शाई लागली. पुठ्ठ्याच्या आड गेलो. अन् मी दुसऱ्याचं बटण दाबलं.

झालं. लिहिलं एकदाचं.

दुसरा उभा होता तो कोण, काय, मले नाव धड माहीत नव्हतं. त्याचं चिन्ह भाऊच्या खाली होतं, बस. मले वाटलं, भाऊ येतेच. माह्या एका मतानं काय होते? एवढ्या मोठ्या ढिगात एक दाणा कोणाले दिसते? मले फक्त त्याले एकदा नाही म्हणाचं होतं. कोणी ऐकलं नाही पायजे, पण म्हणाचं होतं. कसा मूर्ख माणूस! दुसऱ्या कोणत्या गावात असतो त लपून गेलो असतो. आमच्या तांड्यात नाही. जिथं सारी मतं एकाच बाजूले जातात, तिथं दुसऱ्या बाजूचं एक मत मशालीसारखं दिसते. मीच ती रीत चालवली इतकी वर्षं, अन् मलेच हे सुचलं नाही.

मोजणीच्या ठिकाणाहून फोन आला. भाऊ आला, मोठ्या फरकानं आला. अन् आपल्या बूथवर एक मत फुटलं.

एक.

भाऊ दुसऱ्या दिवशी गुलाल घेऊन आला. रागावला नाही. राग आला असता त बरं झालं असतं. माह्या कपाळाले गुलाल लावला अन् हासत म्हणाला, "कारभारी, एक मत कुठं हरवलं हो?" लोक हासले. मंग हासणं थांबलं, अन् एकेकाची मान वळली. जमना दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या होता. सारे तिच्याकडं पाहून राह्यले.

मीबी पाह्यलं.

एवढंच केलं मी. तोंडातून शब्द काढला नाही. खोटं बोललो असं कोणी म्हणू शकत नाही. फक्त मान वळवली, साऱ्यायनं वळवली तशी, नवरा असून. त्या मानेचं वजन काय होते, ते मले नंतर कळलं. लोक म्हणाले, घरचा माणूसच तिच्याकडं पाहून राह्यला म्हणजे आता काय राह्यलं?

नायकानं बैठक बोलावली. थावरू नायक वाईट माणूस नाही, पण भोगाचा शब्द मोडला होता. त्याले काही तरी करावं लागे. ठरलं असं, की थाळीवर हात ठेवून एकेकानं म्हणावं, मत मी फोडलं नाही. ज्यानं फोडलं तो खोटी शपथ घेणार नाही, घेतली त देव पाहून घेईन. थाळी कोणी धराची? कारभाऱ्यानं. मी निखाऱ्याची थाळी धरून उभा राह्यलो अन् एकेकाचं नाव घेत गेलो. हात गरम होत होते. पुरुष झाले, बाया झाल्या. साऱ्यायनं हात ठेवला. थाळी धरणाऱ्याले कोण विचारते? कोणाच्या ध्यानातच आलं नाही. माह्या मनात काय होतं सांगू? सारे हात ठेवून झाले की गोष्ट संपन, लोक म्हणतीन मशीनच चुकलं असन. असं मी माह्या मनाले सांगत होतो.

कारभाऱ्याची बायको म्हणून जमना शेवटी आली.

नायक म्हणाला, "भाबी, ठेव हात."

तिनं थाळीकडं पाह्यलं. मंग माह्या हाताकडं. वर तोंडाकडं नाही पाह्यलं, हाताकडंच. मले आजही दिसते ते. अन् म्हणाली, "मी नाही ठेवत."

"काहून?"

"नाही ठेवत म्हटलं ना. मत माहं, बोट माहं. शाळेतला मास्तर म्हनते, कोनाले सांगाचं नसते."

मांगून एक बाई बोलली, "पुलाचा राग काढला व तू." जमनानं पदर सारखा केला अन् घराकडं चालली गेली.

तिनं भाऊलेच मत देलं होतं. हे मले माहीत आहे. भोगाचा शब्द तिनं कधी मोडला नाही. मंग हात काहून ठेवला नाही? मले समजाले बरेच दिवस लागले — का समजलं होतं अन् मी न समजल्यासारखं केलं, देव जाणे. तिनंही हात ठेवला असता, त साऱ्या तांड्याचे हात ठेवून झाले असते. मंग राह्यलं कोण असतं? ज्याच्या हाती थाळी होती तो. नायक हुशार आहे. त्यानं वर पाह्यलं असतं.

दंड नाही झाला. भाऊनंच सांगितलं, वहिनीले काही करू नका. त्याच्या मोठेपणाचं नाव झालं. फक्त त्यानंतर ज्या पोरीचं लग्न ठरे, तिची माय जमनाकडं येईना. भोगाचा शब्द मोडलेल्या बाईच्या तोंडून नवरीनं ढावलो शिकावा कसा? पहिल्या वर्षी तिनं वाट पाह्यली. लग्नाच्या घरून आवाज आला की पदर नीट करून दारात बसे. पुढं पुढं आतूनच ऐके. कधी कधी स्वयंपाक करता करता चुकलेलं कडवं बरोबर करून गुणगुणे, अगदी हळू, चुलीपुरतं. मी बाहेर खाटेवर बसून ऐको.

सांगाले किती दिवस होते माह्यापाशी? एक निवडणूक गेली, दुसरी गेली. भाऊ आला, भाऊ आला, मी घोषणा देल्या. मधात पूलही झाला. नारळ फुटला, पाटी लागली, पाटीवर भाऊचं नाव. जमना उद्घाटनाले गेली नाही. तिले पूल पाहाले मी घेऊन गेलो, संध्याकाळचं, कोणी नसताना. तिनं कठड्यावर हात ठेवला, खाली पाह्यलं अन् म्हणाली, "मजबूत आहे." मी तिथंही बोलू शकलो असतो. आम्ही दोघंच होतो. खाली पाणी होतं. मी म्हटलं, चाल, अंधार पडते.

भेत होतो काय मी? कोणाले? तांडा मले फाशी देणार नव्हता. कारभारीपण गेलं असतं, लोक दोन दिवस बोलले असते, भाऊनं खांद्यावरून हात काढला असता. बस. एवढ्यासाठी. ज्या हातानं मले स्टेजच्या पायरीवरून उतरू देलं, तो हात खांद्यावर राहावा म्हणून.

तर शेंगा सोलून झाल्या. तिनं भाजी केली, आम्ही जेवलो, ती झोपली. पहाटे मी बकरीचं दूध काढून आलो तरी उठली नव्हती. आवाज देला. हात लावला. थंड होती.

लेक कळंबहून येईपर्यंत उन्ह वर आलं. बायायनं जमनाले आंघोळ घातली. शेजारच्या नवरीची मायही आली, आत गेली, अन् मोठ्यानं रडली. कायले रडली ती, मी विचारलं नाही.

तिरडी उचलली अन् पुलावरूनच नेली, स्मशान नाल्याच्या पल्याड आहे. पुलाच्या त्या टोकाले पांढरी गाडी उभी होती. भाऊ उतरला. म्हातारा झाला आहे आता, गुडघे दुखतात, तरी उतरला अन् तिरडीले खांदा देला. तो मयत चुकवत नाही हे मी सांगितलंच.

लाकडं रचून झाल्यावर आमच्याकडं दोन शब्द बोलतात. मास्तर बोलले. मंग भाऊ पुढं झाला. लोकायनं मोबाईल खाली केले. तो म्हणाला, जमनावहिनीच्या हातची भाकर मी खाल्ली आहे, तवा मले कोनी वळखत नव्हतं. असं म्हणून तो रडला. खरा रडला, नाटक नव्हतं. मंग म्हणाला, "वहिनीनं एका खेपेले मले मत देलं नाही. साऱ्या तांड्याले माहीत आहे. पन देवाशपथ सांगतो, मी ते कधी मनात ठेवलं नाही. आज तिच्यासमोर सांगतो, माह्याकडून ते मिटलं."

कोणी तरी मांगून म्हणालं, मोठं मन आहे. नायकानं डोळे पुसले. माही लेक मायच्या पायापाशी बसली होती, तिनं मान खाली घातली. मायची लाज वाटून घातली. मले दिसलं ते.

भाऊ माह्यापाशी आला. त्यानं माह्या खांद्यावर हात ठेवला. सारा तांडा तिथं उभा होता, तेच लोक, तेच तोंडं, अन् जमना मधात, तोंडावरचं कापड काढलेलं होतं तिच्या.

मी हात जोडले. म्हटलं, "भाऊ, तिले माफ केलं, लय झालं."

अन् मंग चितेले आग देली.